मांजराचा मधुमेह व घरच्या घरीं इन्शुलिन

शेतकऱ्याच्या घरांत जोंवर धान्याची कणगी आहे तोंवर उंदीर आहे, आणि जोंवर उंदीर आहे तोंवर मांजराची त्या घरांत हक्काची जागा आहे. बैलास खुरकूत झाली किंवा म्हशीची कांस सुजली, तर आपण अपरात्रीं उठून गुरांच्या डॉक्टरांस बोलावतों. मांजर आजारी पडलें तर मात्र "जगेल तर जगेल" असें म्हणून तें नजरेआड करितों. आमचेंही वर्तन याहून निराळें नव्हतें. परंतु गेलीं दोन वर्षें आमच्या घरचा एक बोका मधुमेहानें आजारी आहे. त्यास सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई आम्ही घरींच देत आहों, आणि या खटपटींत आमच्या हातून एक मोठी चूकही घडली. तशी चूक दुसऱ्या कोणाच्या घरीं होऊं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

लक्षणें.—सदरहू बोक्याचें नांव कोतवाल. आमचा सारा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला. कणगीवर पहारा करणाऱ्यास दुसरें कोणतें नांव आम्हांस सुचणार? आजाराच्या वेळीं त्याचें वय दहा वर्षांचें असून वजन साडेसहा किलो होतें. लहानपणींच त्याचें खच्चीकरण झालेलें. दोन वेळां दूधभात किंवा दुधांत कुसकरलेली भाकरी खावी आणि ओसरीवर निजावें, हा त्याचा क्रम. एका पावसाळ्यांत असें दिसून आलें कीं, पाण्याच्या भांड्याकडे एरवीं क्वचित् फिरकणारा हा बोका गुरांच्या हौदावर जाऊन बराच वेळ पाणी पीत बसूं लागला. त्याच्या मुताची मातीची पाटी रोज चिंब भिजूं लागली. खाणें वाढलें, आणि अंग मात्र उतरत चाललें. तीन महिन्यांत दीड किलो वजन घटलें. शेवटीं तो मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीस टेकवून चालूं लागला, तेव्हां कोणी काठी मारली असावी अशी आमची समजूत झाली. वास्तविक मधुमेहानें पायांच्या मज्जातंतूंवर परिणाम होऊन कांहीं मांजरांची चाल अशी बदलते. फार पाणी पिणें, फार मूत होणें, आणि खाऊनही वाळत जाणें, हीं तीन लक्षणें एकत्र दिसतांच मांजरास डॉक्टरांकडे न्यावें. चाल बिघडण्याची वाट पाहूं नये.

तालुक्याच्या गांवच्या डॉक्टरांनीं रक्त तपासलें, तों साखर फार निघाली. परंतु तेवढ्यावर त्यांनीं निकाल दिला नाहीं. मांजर घाबरलें म्हणजे नुसत्या भीतीनेंही त्याच्या रक्तांतील साखर चढते, आणि पिशवींतून आणलेलें मांजर घाबरलेलें असणारच. म्हणून त्यांनीं मूत तपासलें, व फ्रुक्टोसामीन नांवाची तपासणी करविली. हिच्यावरून मागील एकदोन आठवड्यांत साखर सरासरीनें किती होती हें कळतें. तिन्ही गोष्टी जुळल्यावरच मधुमेह निश्चित झाला.

रोगाचें कारण.—पोटांत स्वादुपिंड म्हणून एक अवयव आहे. त्यांत तयार होणाऱ्या इन्शुलिनच्या योगें रक्तांतील साखर शरीराच्या कामीं लागते. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मिंकोव्स्की व फॉन मेरिंग या दोघांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तों त्यास मधुमेह झाला. तेव्हां या अवयवाचें महत्त्व जगास कळलें. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं स्वादुपिंडापासून औषध काढण्याचे प्रयोग आरंभिले, आणि १९२२ च्या जानेवारींत चौदा वर्षांच्या एका मुलास तें पहिल्यानें टोंचण्यांत आलें. पुढें कित्येक वर्षें हें औषध कत्तलखान्यांतील गुरें व डुकरें यांच्या स्वादुपिंडांपासूनच निघत असे. मानवी इन्शुलिन जीवाणूंकडून तयार करवून घेण्याची रीति १९८२ पासून प्रचारांत आली. शेतकऱ्यास नवल वाटावें अशी गोष्ट ही कीं, गाईचें इन्शुलिन व मांजराचें इन्शुलिन यांच्या ५१ घटकांपैकीं अवघ्या एका घटकांत फरक आहे. माणसाचें व मांजराचें ताडून पाहिल्यास फरक चार घटकांचा. इतकें साम्य असल्यामुळेंच माणसासाठीं केलेलें औषध मांजरासही लागू पडतें.

मांजरांत बहुधा असें होतें कीं, इन्शुलिन थोडें निघतें, आणि निघतें त्यासही शरीर नीट दाद देत नाहीं. लठ्ठपणा, उतार वय आणि घरांत बसून राहणें हीं याचीं मोठीं कारणें होत. खच्ची केलेल्या बोक्यांत हा रोग अधिक आढळतो. खाजेवर किंवा सुजेवर दिलेलीं स्टेरॉइड औषधेंही कधीं कधीं यास निमित्त होतात. मांजर ही मुळांत मांस खाणारी जात. आम्ही लाड म्हणून जो दूधभात घालीत होतों, त्यांतील भाताचें पीठ साखरच वाढवीत होतें.

औषधाचा हिशेब.—आमच्या डॉक्टरांनीं ग्लार्जिन नांवाचें इन्शुलिन सांगितलें, व आरंभीं एक युनिट दर बारा तासांनीं देण्याची आज्ञा केली. येथें वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. आपल्या देशांत इन्शुलिनच्या बाटल्या दोन तऱ्हांच्या मिळतात. एकींत दर मिलिलिटरास ४० युनिटें असतात, दुसरींत १००. दोहोंच्या सिरिंजाही निराळ्या: ४० च्या सिरिंजेचें टोपण तांबडें, १०० च्या सिरिंजेचें नारिंगी. आमची बाटली १०० ची होती, आणि औषधांच्या दुकानांतून सिरिंजा मिळाल्या त्या तांबड्या टोपणाच्या. माल डॉक्टरांपुढें ठेवला म्हणून बरें झालें. त्यांनीं तो तात्काळ परत पाठविला. हिशेब असा कीं, १०० चें औषध ४० च्या सिरिंजेंत एक युनिटाच्या खुणेपर्यंत भरलें, तर एकाऐवजीं अडीच युनिटें पोटांत जातात. उलट, ४० चें औषध १०० च्या सिरिंजेनें दिलें, तर एकाऐवजीं ०.४ युनिटच जातें. बिघ्याचा आंकडा एकराच्या रकान्यांत लिहिला तर शेताचें काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. बाटलीवरचा आंकडा आणि सिरिंजेवरचा आंकडा एक आहे, हें दर खरेदीस स्वतः वाचून पाहावें.

सुई देण्याची रीति.—पहिल्या दिवशीं आमचे हात कांपत होते; मांजरास मात्र त्याचें कांहीं वाटलें नाहीं. ही सुई फार बारीक असते. मांजर खाण्यांत गुंतलें असतां त्याच्या कुशीवरील कातडी दोन बोटांनीं तंबूसारखी उचलावी, त्या तंबूच्या पायथ्याशीं सुई अलगद घालावी, दांडा सावकाश दाबावा व सुई काढून घ्यावी. सुई कातडीच्या एका बाजूनें शिरून दुसऱ्या बाजूनें बाहेर पडली, तर औषध केसांत सांडतें. म्हणून केंस ओले झाले आहेत कां, हें बोटानें पाहावें. तसें सांडलें तर किती आंत गेलें याचा अंदाज करून पुन्हां देऊं नये. रोज जागा थोडी बदलावी. बाटली जोरानें हलवूं नये. ती फ्रिजमध्यें ठेवावी. बर्फाच्या कप्प्यांत मात्र कधींही नको, कारण एकदां गोठलेलें इन्शुलिन निरुपयोगी होतें. उन्हाळ्यांत वीज बराच वेळ गेली, तर आम्ही बाटली कोरड्या डब्यांत घालून तो डबा ओल्या वाळूंत ठेवलेल्या मडक्यांत ठेवितों. वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकूं नयेत. तेथें अनवाणी माणसें व गुरें वावरतात. जाड प्लॅस्टिकच्या बरणींत त्या सांठवाव्या, व भरलेली बरणी दवाखान्यांत नेऊन द्यावी.

आमची चूक.—चार महिने काम सुरळीत चाललें. मात्रा डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन युनिटांवर आली होती. वजन सावरलें होतें, आणि कोतवाल पुन्हां कणगीवर चढूं लागला होता. सकाळीं सात व संध्याकाळीं सात ही वेळ ठरलेली. सुई कधीं आम्हीं द्यावी, कधीं आमच्या कुटुंबानें द्यावी. पोळ्याच्या दिवशीं घरीं पाहुणे होते. आम्ही बैलांबरोबर मिरवणुकींत गेलों. पुढें पंगत वाढावयाची म्हणून कुटुंबानें पावणेसातलाच सुई उरकून घेतली. आम्ही सवासातला परतलों, बोका ओसरीवर दिसला, वेळ टळली असें वाटलें, आणि कोणास न विचारतां आम्हीं दुसऱ्यांदा दोन युनिटें दिलीं.

रात्रीं अकराच्या सुमारास सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, कोतवाल झोकांड्या खातोय." पाहतों तों तो भिंतीस अंग घांसत चालत होता, मान थरथरत होती, आणि हांक मारली तरी ओळख देत नव्हता. तेव्हां कुठें दोघांचें बोलणें झालें, आणि काय घडलें तें उमगलें. कानाच्या कडेचा थेंब घेऊन साखर पाहिली ती ४८ भरली. डॉक्टरांस फोन लाविला. त्यांच्या सांगण्याप्रमाणें बोटावर मध घेऊन हिरड्यांस चोळला. थोडी शुद्धि येतांच शिजवलेली कोंबडी पुढें केली, ती त्यानें खाल्ली. अर्ध्या तासानें पुन्हां थेंब, पुन्हां मध. याप्रमाणें पहाटेपर्यंत आम्ही दोघें कंदिलाशेजारीं बसून होतों, कारण त्या रात्रीं वीजही नव्हती. इन्शुलिनचा अंमल मधाच्या बोटापेक्षां फार वेळ टिकतो. एकदां मांजर सावरलें म्हणून निजावयास जाणें हा मोठा धोका आहे. उजाडतांच त्यास दवाखान्यांत नेलें. बोका वांचला. परंतु तीस वर्षें दुसऱ्यांच्या नोंदींतील चुका काढणाऱ्या माणसानें स्वतःच्या घरीं एक साधी नोंद ठेवली नव्हती, ही गोष्ट आमच्या मनास फार लागली.

नोंदवही.—दुसऱ्याच दिवशीं आम्हीं एक वही आंखली. रकाने असे: तारीख, वेळ, सुईपूर्वींची साखर, काय व किती खाल्लें, मात्रा, देणाऱ्याची सही, शेरा. वहीवर बाटलीचा डबा ठेवितों, म्हणजे वही हातीं घेतल्यावांचून बाटली निघतच नाहीं. त्या वहीच्या पहिल्या पानावर पुढील नियम लिहिले आहेत:

१. सुई द्यावयाची ती एकानेंच. दुसऱ्यावर पाळी येणार असेल, तर तसें आदल्या रात्रीं वहींत लिहावें.

२. सुई दिली त्याच जागीं, त्याच क्षणीं सही करावी. पाहुणे गेल्यावर नव्हे.

३. दिली कीं नाहीं याचा संशय असल्यास देऊं नये. एक वेळ चुकली तर साखर थोडी चढेल. दुप्पट गेली तर प्राण जाईल.

४. मांजर खात नसेल किंवा ओकत असेल, तर सुई तशीच टोंचूं नये. आधीं डॉक्टरांस विचारावें. न खाणारें, ओकणारें व मलूल झालेलें मधुमेही मांजर त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें. रक्तांत आम्ल सांठण्याचा प्रकार असतो, तो घरीं बरा होत नाहीं.

५. सुईपूर्वींची साखर डॉक्टरांनीं आंखून दिलेल्या हद्दीखालीं असेल, तर सुई थांबवून फोन करावा. आमच्या डॉक्टरांनीं आम्हांस २०० ची हद्द दिली आहे. इतरांनीं आपल्या डॉक्टरांची घ्यावी.

६. झोकांड्या, थरथर, अशक्तपणा, कोनाड्यांत लपून बसणें किंवा झटके, हीं साखर उतरल्याचीं चिन्हें होत. मध किंवा पाण्यांत कालवलेली ग्लुकोजची पूड हिरड्यांस चोळावी. बेशुद्ध मांजराच्या तोंडांत पातळ पदार्थ ओतूं नये, तो श्वासनलिकेंत जातो. नंतर विनाविलंब डॉक्टर.

मात्रेंतील फेरफार.—कित्येकांस वाटतें कीं, साखर चढलेली दिसली म्हणजे त्या वेळीं युनिट वाढवावें. तसें कदापि करूं नये. गांवीं फेरफाराची नोंद मंडळ अधिकाऱ्याच्या सहीवांचून मंजूर होत नाहीं. येथें ती सही डॉक्टरांची. दर महिन्यास एक दिवस आम्ही सकाळच्या सुईपासून दर दोन तासांनीं बारा तास साखर पाहतों. एका दिवशींच्या नोंदी अशा आहेत: सातला ३४२, नवाला २९०, अकराला २१५, एकला १६०, तीनला १४८, पांचला २०५, सातला ३१०. यांतील महत्त्वाचा आंकडा सातचा नसून तीनचा, म्हणजे सर्वांत खालचा. तो साधारण ८० ते १५० यांच्या दरम्यान असावा अशी डॉक्टरांची अपेक्षा असते. केवळ सकाळचे ३४२ पाहून मात्रा वाढविली असती, तर तीन वाजतां काय झालें असतें, हें वाचकांनींच ठरवावें. माणसाचें ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तांतील साखर बहुधा खऱ्याहून कांहींशी कमी दाखवितें. म्हणून यंत्र वारंवार बदलूं नये, व तें कोणतें आहे हें डॉक्टरांस सांगून ठेवावें.

आहार.—दूधभात व भाकरी आम्हीं बंद केली. मांजरासाठीं मिळणारें, पिष्ट कमी असलेलें डबाबंद ओलें खाद्य, आणि त्याच्या जोडीस शिजवलेली कोंबडी, मासा किंवा अंडें, असा क्रम ठेविला. नुसत्या मांसावर ठेवणेंही बरें नव्हे. त्यांत चुन्याचा अंश पुरेसा नसतो. कांदा व लसूण मांजरास विषारी आहेत, म्हणून घरच्या रश्श्यांतील तुकडे घालूं नयेत. आहार बदलावयाचा तो डॉक्टरांस सांगून बदलावा. कारण पिष्ट कमी झालें कीं साखर उतरते, आणि जुनी मात्रा त्यास जड होते. लठ्ठ मांजराचें वजन हळूहळू उतरवावें. उपाशी ठेवल्यास यकृत बिघडतें.

शेजाऱ्यांचे सल्ले.—कोणी कारल्याचा रस सांगितला, कोणी स्वतःच्या मधुमेहाच्या गोळ्या देऊं केल्या. सद्भावनेबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहों. परंतु इन्शुलिनचें काम कारल्यानें होत नाहीं, आणि माणसाच्या गोळ्या मांजरास अंदाजानें देणें धोक्याचें आहे. मांजरांसाठीं म्हणून खास तयार केलेल्या तोंडानें द्यावयाच्या दोन औषधांस अमेरिकेंत २०२२ व २०२३ सालीं मान्यता मिळाली; तथापि तीं ज्या मांजरांस पूर्वीं इन्शुलिन दिलेलें नाहीं अशांसाठींच आहेत, आणि डॉक्टरांच्या देखरेखीवांचून द्यावयाचीं नाहींत.

रोग लवकर ओळखून उपचार सुरू झाले, व आहार सुधारला, तर कांहीं मांजरांचें इन्शुलिन पुढें बंदही करतां येतें. तरीही रोग उलटण्याचा संभव असतो, म्हणून लक्ष ठेवावें लागतें. कोतवालाच्या नशिबीं तें आलें नाहीं. त्यास आज दीड युनिट दोन वेळां लागतें. तो आतां बारा वर्षांचा आहे, चाल सुधारली आहे, आणि गेल्या सुगींत कणगीखालीं त्यानें मारलेले तीन उंदीर आम्हीं स्वतः पाहिले.

एका मांजरासाठीं एवढा खटाटोप योग्य कां, असा प्रश्न आम्हांस पुष्कळांनीं केला. खर्च आहे, आणि खर्चाहून मोठें बंधन वेळेचें आहे. दोन वर्षांत आम्ही उभयतां एकत्र परगांवीं मुक्कामास गेलों नाहीं. एक जण घरीं राहतो. ज्यास हें जमणार नाहीं, त्यानें तसें डॉक्टरांस आरंभींच मोकळेपणानें सांगावें. त्यांत लाज नाहीं. अर्धवट उपचार मात्र करूं नयेत. आज सुई दिली, उद्यां विसरली, परवां दोनदां दिली, हें रोगाहून वाईट.

ज्यांस जमेल त्यांनीं बाटली विकत घेण्यापूर्वीं वही विकत घ्यावी. आमच्या वहींत पोळ्याच्या त्या दिवसाचें पान नाहीं, कारण तेव्हां वहीच नव्हती. पुढील पोळ्यास संध्याकाळीं सातच्या रकान्यांत कुटुंबाची सही आहे, आणि शेऱ्यांत लिहिलें आहे: "मिरवणुकीहून आल्यावर वही पाहिली. सुई दिलेली आहे." त्याखालीं आमचीही सही आहे.